जीर्ण कागद आणि त्यांचे वाचन : तात्यापाऱ्याच्या निमित्ताने

जुना कागद हाती आला म्हणजे त्यात काय लिहिले आहे, हा प्रश्न वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो. वस्तुतः त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. हा कागद इतकी वर्षे कोणी राखला, आणि कशासाठी राखला? संपूर्ण दप्तर कोणत्याही समाजाच्या वाट्याला येत नाही. येतात ते तुकडे. तुकड्याचा अर्थ जितका त्यावरील अक्षरांत असतो, तितकाच तो टिकून राहण्याच्या कारणातही असतो. हे कारण ध्यानात न घेता केलेले वाचन कितीही विद्वत्तापूर्ण असले, तरी ते अपुरे ठरते.

रायपूर शहरातील तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. ‘पारा’ हा छत्तीसगढी शब्द, अर्थ मोहल्ला; ‘तात्या’ हे मराठी घरातले आदराचे संबोधन. दोन भाषांचा हा सांधा एका शतकाच्या राज्यव्यवहारातून जुळला आहे. इ. स. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम याने रतनपुरावर स्वारी केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. १७८७ मध्ये ते वारल्यावर हा प्रदेश सुभेदारांकडे गेला. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाची नेमणूक झाली आणि कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला, आणि तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर १८५४ मध्ये कंपनी सरकारने तो खालसा केला. या काळात कारकून, फडणीस, कमाविसदार, पुरोहित अशी मराठी मंडळी या सुभ्यात आली व राहिली. त्यांचा व्यवहार मोडी लिपीत चाले. सनदा, कौलनामे, वसुलाचे ताळेबंद, कर्जरोखे, दत्तकपत्रे, वाटणीपत्रे असे कितीतरी कागद त्या व्यवहारात निर्माण झाले असणार. त्यांपैकी आज एका घरात जे उरते, ते पेटीच्या तळाशी रुमालात बांधलेले, कडा झडलेले चारदोन कागद.

मूळ दप्तर राजधानीत शोधावे, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी ती पुष्कळदा फसते. नागपूरचा भोसल्यांचा वाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला. मागे राहिला तो नगारखाना. उलट त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९५४ व १९५९ मध्ये दोन खंडांत जी नागपूर प्रकरणाची मराठी पत्रे संपादून प्रसिद्ध केली, ती नागपुरात सापडलेली नव्हती. ती वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणिसांच्या दप्तरातली होती. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिले त्याच्याकडे राहते, ही साधी गोष्ट इतिहासाच्या साधनांत फार मोठा फरक घडवून आणते. रायपूरचे जुने वर्तमान हवे असेल तर नागपूर, पुणे, भोपाळ असा प्रवास करावा लागतो, त्याचे एक कारण हे आहे. १९५६ आणि २००० साली झालेल्या राज्यांच्या फेररचना हे दुसरे.

१८१८ नंतर रायपुरास अधीक्षक म्हणून राहिलेला मेजर व्हान्स ॲग्न्यू हा स्कॉटलंडमधील गॅलोवे भागातल्या एका जुन्या घराण्यातला. त्याने १८२० मध्ये छत्तीसगढ सुभ्याविषयी लिहिलेला इंग्रजी अहवाल पुढे नागपूरच्या सरकारी छापखान्यात छापला गेला, आणि आज त्या काळाचे तेच प्रमुख साधन मानले जाते. त्यातील आकडे मूळ कोणाच्या तरी मोडी ताळेबंदातून आले असणार. पण अहवाल उरला, ताळेबंद विस्मृतीत गेला. इकडे याच घराण्याच्या एका पूर्वजाचा, सोळाव्या शतकात न्यायाधीश असलेल्या सर पॅट्रिक वॉसचा, पत्रव्यवहार मात्र मूळ कागदांवरून १८८७ मध्ये एडिंबरा येथे छापून निघाला. एका घराण्याचे कागद तिकडे राहिले आणि त्याच घराण्यातील अधिकाऱ्याने जो सुभा चालवला त्याचे इकडे विखुरले, ही तुलना मनाला लागते. पण तिच्यावरून त्या देशाचे दप्तर अखंड राहिले असे मात्र समजू नये.

स्कॉटलंडच्या राजदप्तराची कथा हानीचीच कथा आहे. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने ते उचलून नेले. १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याच्या हाती पडलेले दप्तर पुन्हा लंडनला गेले. त्यातील न्यायालयीन व जमिनीच्या हक्कांच्या नोंदवह्या १६५७ मध्ये परत पाठवण्यात आल्या, कारण त्यांवाचून लोकांचे दावे अडून राहिले होते. राज्यकारभाराचे कागद मात्र तिकडेच राहिले. १६६० च्या डिसेंबरात ते जहाजाने परत येत असता वादळात सापडले, आणि ‘एलिझाबेथ’ नावाच्या जहाजाबरोबर पंच्याऐंशी पिंपे कागद समुद्राच्या तळाशी गेले. ज्या कागदांवर सामान्य माणसाचा हक्क अवलंबून होता ते वाचले. ज्यांवर केवळ राजाचा अभिमान अवलंबून होता ते बुडाले. याच देशात १५६० च्या धर्मक्रांतीनंतर लॅटिन प्रार्थनापोथ्या निरुपयोगी ठरल्या, तेव्हा त्यांची चर्मपत्रे फाडून कायद्याच्या वह्यांना वेष्टने घालण्यात आली. आज त्या पोथ्यांचे जे काही तुकडे उपलब्ध आहेत, त्यांपैकी कित्येक या वेष्टनांतूनच सोडवून घेतलेले आहेत.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रज सरकारने सांभाळले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनामांची व वतनांची चौकशी करण्यास ते लागत होते म्हणून. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले, त्यापूर्वी अभ्यासकांना त्या दफ्तरात सहज प्रवेश नव्हता. थोडक्यात, कागद हक्कासाठी टिकतो. विद्येच्या उपयोगी तो मागाहून पडतो.

या नियमाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. हक्क संपला की कागदाचे आयुष्यही संपते. तत्कालीन मध्यप्रदेशात १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली. हा निर्णय न्याय्यच होता. परंतु ज्या रुमालांतील कागद पिढ्यान् पिढ्या कोर्टात दाखवायचे म्हणून जपले गेले, ते त्याबरोबर निरुपयोगी झाले. त्याच सुमारास मोडी वाचणारी पिढीही विरळ होत गेली. न वाचता येणारा आणि न चालणारा कागद घरात अडगळ होतो. रतनपूर, मल्हार, सिरपूर या बाजूच्या प्राचीन राजांचे ताम्रपट आज संग्रहालयांत सन्मानाने ठेवलेले दिसतात. त्यांहून कितीतरी अलीकडचा, आपल्याच आजोबांच्या आजोबांनी लिहिलेला कागद मात्र रद्दीत जातो.

असा तुकडा हाती आला तर तो कसा वाचावा? मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीत नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही. म्हणून एका शब्दावरून निष्कर्ष काढू नये. लांब मजकुरासाठी कागदाला कागद चिकटवीत आणि सांध्यावर पाठीमागे शिक्का उमटवीत. तुकड्याच्या कडेला अर्धा शिक्का दिसला तर आणखी एक बंद हरवला आहे असे समजावे. ‘मोर्तब सूद’ असा शेवट असल्यास मजकूर पुरा झाला आहे. सन सुहूर असेल तर त्यात ५९९ किंवा ६००, फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवले म्हणजे इसवी सन येते. शब्दांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. ‘राजीनामा’ हा शब्द आज नोकरी सोडताना येतो. जुन्या निवाड्यात तो उभय पक्षांनी पंचांचा निर्णय मान्य करण्याविषयी दिलेल्या संमतीचा कागद असतो. वादीप्रतिवादीची हकीकत म्हणजे ‘करीना’, हरलेल्याने लिहून दिलेली कबुली म्हणजे ‘येजितखत’, आणि सभेने शिक्कामोर्तब केलेला निर्णय म्हणजे ‘महजर’. महाराष्ट्रदेशीच्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे नांगराची, न्हाव्याच्या नावापुढे आरशाची निशाणी आढळते. अक्षर न येणारा माणूसही तेथे साक्षीला उभा असतो.

साहित्याच्या अभ्यासकाने या कागदांकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मराठी गद्याचा विचार करताना बखरीपाशी थांबण्याची सवय आपणांस लागली आहे. पण बखर ही सांगण्यासाठी रचलेली असते, करीना हा भांडण जिंकण्यासाठी सांगितलेला असतो. त्यात माणूस आपल्या घराची कथा दुष्काळ, परागंदा होणे, भाऊबंदकी, परत येणे यांसह सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला प्रतिपक्ष ऐकत असतो. या ताणातून येणारी गद्याची नेमकी, काटेकोर वळणे अन्यत्र दुर्मिळ आहेत. छत्तीसगढच्या बाबतीत आणखी एक विशेष लक्षात घ्यावा लागेल. गावचा गौंटिया आपले गाऱ्हाणे छत्तीसगढीत सांगत असणार आणि कारकून ते मराठीत उतरवून घेत असणार. म्हणजे असा कागद हे भाषांतरही आहे, आणि ज्याची भाषा कागदावर आली नाही त्याचा आवाज ओळींमागे ऐकावा लागतो. मात्र या साधनाची मर्यादाही विसरता कामा नये. ज्याच्यापाशी भांडण्याजोगे काही नव्हते, तो या कागदांत येत नाही. स्त्री येते ती बहुधा वैधव्याच्या, दत्तकाच्या किंवा पोटगीच्या प्रसंगाने. तिचे उरलेले आयुष्य कोणी लिहून ठेवले नाही.

आता उरलेल्या तुकड्यांचे करावयाचे ते काम मोठे नाही, पण ते लवकर झाले पाहिजे. कागद धुऊ नये, त्याला चिकटपट्टी लावू नये, आणि मुख्यतः रुमाल सोडून कागद वेगवेगळे करू नयेत. कोणता कागद कोणाच्या शेजारी होता, हीही एक नोंदच आहे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी जे आठवते ते लिहून ठेवावे, आणि मग तो मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. हक्काने राखलेला कागद हक्क गेल्यावर राखायचा, तर त्याला दुसरे कारण द्यावे लागेल. ते कारण त्याच्या वाचनाखेरीज दुसरे कोणते असणार?