इंजिनाचा कोड आणि त्यामागचा बिघाड

पेट्रोल मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो, तेव्हा इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाने, म्हणजेच ईसीयूने, एखादा बिघाड नोंदवून ठेवलेला असतो आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की ती नोंद एक अक्षर व चार अंकांच्या कोडच्या रूपात वाचता येते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली ही ओबीडी-२ पद्धत आज भारतातील बीएस-६ मोटारींतही त्याच धर्तीवर वापरली जाते. कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले, एवढेच कोड सांगतो. कोणता भाग निकामी झाला हे तो सांगत नाही, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच अनेकदा चांगले सेन्सर बदलले जातात व बिघाड मात्र जागच्या जागी राहतो.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून अधिक झाली तर मिश्रण ‘लीन’ आणि पेट्रोल अधिक झाले तर ‘रिच’ म्हटले जाते. हे प्रमाण राखण्यासाठी एक्झॉस्टच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. झिर्कोनियाच्या नेहमीच्या सेन्सरचा विद्युतदाब लीन मिश्रणात ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो, तर रिच मिश्रणात ०.९ व्होल्टच्या जवळ चढतो, आणि त्यानुसार ईसीयू इंजेक्टरमधून सुटणारे पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करतो. या दुरुस्तीच्या टक्केवारीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. सर्वसाधारणपणे ती उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असते. पेट्रोल वाढवूनही मिश्रण लीनच राहिले, तर पी०१७१ हा कोड नोंदला जातो, आणि उलट स्थितीत पी०१७२.

पी०१७१ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण बहुतेक वेळा सेन्सर खरेच सांगत असतो. आत येणाऱ्या हवेचे वजन थेट मोजणाऱ्या, म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात, आयडलिंगला ट्रिम अधिक २२ टक्के आणि २,५०० आरपीएमला अधिक ४ टक्के दिसत असेल, तर संशय इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर किंवा चिरलेल्या रबरी व्हॅक्यूम होसवर जातो. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा ओढते, त्यामुळे न मोजता शिरलेल्या हवेचा वाटा त्या वेळी मोठा ठरतो आणि इंजिनाला रेस दिली की तो नगण्य होतो. याउलट आयडलिंगला सारे ठीक असून चढावर किंवा जोरात पळवताना ट्रिम वाढत असेल, तर अशक्त फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला मास एअर फ्लो सेन्सर तपासावा लागतो. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, त्यामुळेही मिश्रण लीन असल्याचा भास होतो. म्हणून सोबत पी०३०० सारखा मिसफायरचा कोड असल्यास स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल आधी पाहणे योग्य ठरते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. त्यामुळे केवळ पेट्रोलसाठी जुळवलेल्या इंजिनात २० टक्के इथेनॉलचे इंधन भरल्यास ट्रिम काहीसा वर सरकणे स्वाभाविक आहे, हेही निदान करताना लक्षात घ्यावे लागते.

पी०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असलेला हा भाग कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर करतो, आणि तो सुस्थितीत असेल तर त्याच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा विद्युतदाब सतत खालीवर होत असतानाही मागच्या सेन्सरचा विद्युतदाब जवळजवळ स्थिर राहतो. दोन्ही सारखेच हलू लागले की कोड नोंदला जातो. तथापि हा महागडा भाग बदलण्यापूर्वी एक्झॉस्टची गळती पाहिली पाहिजे आणि मिसफायर, रिच मिश्रण किंवा जळणारे ऑइल यांमुळे तो खराब झाला का हेही शोधले पाहिजे, नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच कारणाने निकामी होतो. दिवा लुकलुकत असेल तर सहसा तीव्र मिसफायर चालू असतो व न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. अशा वेळी वेग व भार तत्काळ कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवणेच हिताचे असते.

गाडी गॅरेजमध्ये देताना केवळ कोड पुसून दिवा घालवण्याचा आग्रह धरू नये, कारण कोड पुसताच ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे आरपीएम, तापमान, भार व ट्रिम यांची नोंदही नाहीशी होते. आधी ही नोंद लिहून घ्यावी, मग कारण शोधून भाग दुरुस्त करावा आणि शेवटी कोड पुसून ट्रिम पुन्हा मर्यादेत आला की नाही ते गाडी चालवून पडताळावे. या क्रमाने गेल्यास मालकाचा खर्च वाचतो आणि शहराच्या हवेत मिसळणारा विषारी धूरही खरोखर कमी होतो.