गळ्यातलं गेलं, तर ‘हरवलं’ म्हणू नका

नवरात्रात तुळजापूरला आईच्या दर्शनाला जाताना गर्दीत कुणाचं तरी मंगळसूत्र जातं. बाई रडते, घरी काय सांगू म्हणते आणि तक्रार न देताच परंड्याची नाहीतर उमरग्याची गाडी धरते. वर घरचेही तिलाच बोलतात.

डाग तुळजापुरात गेला म्हणून फिर्याद तिथंच द्यायला हवी, असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे. त्यानुसार दखलपात्र गुन्हा कुठंही घडो, आपल्या जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. पुढं ते ठाणं कागद तुळजापूरला पाठवतं.

पण एका शब्दाला जपा. घाबरून आपणच ‘हरवलं हो’ म्हणतो आणि ‘गहाळ’ अशी नोंद होते. गहाळ म्हटलं की चोर राहतच नाही, मग शोधायचं कुणाला? तोडून नेलं असेल तर तसंच सांगा. किती ग्रॅमचं, वाट्या कशा होत्या, सराफाची पावती असली तर तीही द्या. लिहिलेलं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. मगच सही किंवा अंगठा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. गटातली एखादी सोबत न्या, बोलायला धीर येतो.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, तर तीच लिहून धाराशिवला पोलीस अधीक्षकांकडे पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.