तबल्याची शाई, स्पीकरची कड

जालन्यात मामांच्या घरी माळ्यावर दोन स्पीकर गोणपाटात गुंडाळून पडले होते. 1980 च्या दशकात आखातातली नोकरी संपवून परतताना मामांनी ते हौसेनं आणले होते. गेल्या मार्चमध्ये आम्ही ते खाली उतरवले, पुढची जाळी काढली आणि कोनाच्या कडेला बोट लावलं. काळा फोम चिकट भुकटी होऊन बोटाला लागला. "उंदरांनी खाल्लं वाटतं," मामा म्हणाले. पण दातांची एकही खूण नव्हती. हे काम हवेतल्या दमटपणाचं होतं.

न वाजवता खराब होणारा भाग

स्पीकरचं तत्त्व सोपं आहे. चुंबकाच्या गोल फटीत तांब्याच्या तारेची व्हॉइस कॉइल असते. तिच्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ती पुढेमागे हलते आणि तिला चिकटलेला कागदी कोन हवा ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये ही रचना मांडली. आजचे बहुतेक स्पीकर तिच्यावरच चालतात. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली. त्यासाठी कोन अगदी सैल टांगलेला हवा. अशा सैल कडेसाठी पुढे फोम सर्रास वापरात आला.

ही कड एकाच वेळी तीन कामं करते. कोन हलू देते, कॉइल फटीच्या मधोमध राखते आणि पुढची हवा मागच्या हवेत मिसळू देत नाही. कोन पुढे गेला की समोर हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागे विरळ होते. कड फाटली की दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि खर्ज नाहीसा होतो.

हा फोम बहुधा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतलं पाणी त्याच्या लांब साखळ्या तोडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते पुढची तोडफोड आणखी वेगानं करतं. उष्णतेनं हा वेग वाढतो. जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. त्यामुळे स्पीकर वाजवा किंवा झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत फोम जातोच. चुंबक, लोखंडी सांगाडा आणि कॉइल मात्र बहुधा धडधाकट असतात.

आधी तपासणी, मग डिंक

म्हणून आधी मल्टिमीटर लावला. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण सहा ओहम दाखवते. तार तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. दोन्ही कॉइल शाबूत होत्या. पण एका स्पीकरचा कोन हातानं हलकेच दाबला की खरखर यायची.

मधली टोपी ब्लेडनं अलगद सोडवल्यावर कारण दिसलं. जालना हे सळईचं गाव, आणि मामांच्या घराला लागूनच वेल्डिंगचं दुकान होतं. तिथून उडालेला लोखंडाचा बारीक चुरा वर्षानुवर्षं चुंबकानं ओढून घेतला होता. फटीत कॉइलला मोकळी जागा मिलिमीटरहूनही कमी; त्यात दोन-चार कण अडकले तरी आवाज फाटतो. फुंकर मारून हे कण निघत नाहीत, कारण चुंबक ते सोडत नाही. चिकटपट्टीची दुमडलेली कड फटीतून फिरवायची, कण पट्टीला चिकटून बाहेर येतात. बाराव्या फेरीला पट्टी स्वच्छ निघाली.

उंच स्वरांचा छोटा स्पीकरही मंद वाजत होता. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 5,000 हर्ट्झच्या स्वराला सुमारे 8 ओहमचा अडथळा करतो, 100 हर्ट्झच्या स्वराला मात्र जवळपास 400 ओहमचा. म्हणून बारीक आवाज पुढे जातो, जाडा आवाज अडतो. इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरमधला द्रव काळानं वाळतो आणि हे गणित बिघडतं. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे फिल्म कपॅसिटर बसवले आणि धार परत आली.

वजनाचा हिशेब

नवी कड लावायची वेळ आली तेव्हा मामांनी विचारलं, "अरे, टिकाऊ रबराचीच लाव की." प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तबल्यात आहे. पुडीवरची काळी शाई कातड्याला मोजून वजन देते, म्हणून तबला नुसता धप वाजत नाही, स्वर देतो. सी. व्ही. रमण आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये हे दाखवलं होतं. हलत्या भागाचं वजन बदललं की त्याचा स्वर बदलतो. ताठपणा तोच ठेवून वजन चौपट केलं तर कंपनसंख्या निम्म्यावर येते. आमचा कोन आणि खोकं हलक्या फोमचा हिशेब धरून बनलेलं होतं. जड रबर, किंवा डिंकाचा जाड थरसुद्धा, हा हिशेब मोडतो.

म्हणून फोमचीच कड घेतली. कॉइल आणि मधल्या लोखंडी दांड्याच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचून कॉइल मधोमध धरली, डिंकाचा पातळ थर दिला आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी पट्ट्या काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. दोन्ही कोन एकाच दिशेला, बाहेर आले. एक बाहेर आणि दुसरा आत गेला असता तर जोडीनं वाजताना खर्ज पुन्हा हरवला असता.

संध्याकाळी तबल्याची रेकॉर्ड लावली. डग्ग्याची मींड खोलीभर घुमली आणि मामांनी कोनासमोर तळहात धरला. हवा हाताला लागत होती.

खोकी बंद करण्याआधी आतल्या फळीवर पेन्सिलीनं तारीख आणि कडेचं माप लिहून ठेवलं. हा फोमही पंधरा-वीस वर्षांत झडणार आहे. तेव्हा जो कुणी उघडेल, त्याला पुन्हा मापं घेत बसावं लागू नये.