दार उघडले, मांडणी तीच
यंत्रशाळेतील स्त्रिया : भाग ४

मागील भागात आपण अय्यलासोमायाजुला ललिता यांच्यापर्यंत आलो होतो. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी चार महिन्यांची मुलगी. आणि तरीही १९४० च्या दशकात मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून वीज अभियांत्रिकीची पदवी. भारतातील पहिली स्त्री अभियंता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तो प्रवेशाचा लढा होता. या भागात त्यापुढची गोष्ट पाहायची आहे. पदवी मिळाली, नेमणूकही झाली, सकाळची पाळी सुरू झाली. आता पुढचे आठ तास कसे जातात?

त्यासाठी आधी पुण्याला जाऊ. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, एक जाहिरात लागली. कंपनीला तरुण, हुशार अभियंते हवे होते, आणि स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. मुलाखतीसाठी पुण्याला बोलावणे आले. शॉप फ्लोअरवर आजवर बाई घेतलेली नाही, असे त्यांना मुलाखतीत सांगण्यात आले. सुरुवात कधीतरी करावीच लागेल, असा सुधा यांचा युक्तिवाद होता. त्यांची निवड झाली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली स्त्री अभियंता रुजू झाली. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो.

ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. त्याआधीची हुबळीतली गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला तो अटींवर : साडीच नेसायची, कँटीनकडे फिरकायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही. वर्गात मुलगी त्या एकट्याच होत्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते.

जाहिरातीतला नकार लेखी होता, म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आले आणि एका पोस्टकार्डाने तो हलला. साडीची अट आणि नसलेले स्वच्छतागृह यांचे तसे नाही. त्यांच्याविरुद्ध पत्र लिहायचे तर कोणाला? ही परिस्थिती कोणी एका माणसाने ठरवलेली नसते. इमारतीचा आराखडा काढताना, गणवेशाची मागणी नोंदवताना, पाळ्यांचा तक्ता लावताना समोर पुरुषच धरलेला असतो. अभियांत्रिकीतला रोजचा लिंगभेद प्रामुख्याने या मांडणीत मुरलेला आहे.

घट्ट कपडे आणि सैल न्याय

१९४८ च्या कारखाने कायद्यातले बाविसावे कलम या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करायची वेळ आलीच, तर ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे त्याचे पहिले पोटकलम सांगत होते. दुसरे पोटकलम स्त्रिया आणि अल्पवयीन यांना एकत्र बसवत होते : यंत्र चालू असताना त्याच्या धोकादायक भागांची सफाई, तेलपाणी किंवा जुळणी त्यांना करू देऊ नये.

धोका खराच होता. फिरत्या शाफ्टमध्ये पदर किंवा वेणी अडकली तर क्षणात जीव जातो. पण धोका तोच असताना पुरुषाला कपडे मिळाले, प्रशिक्षण मिळाले. स्त्रीला मनाई मिळाली. महाविद्यालय साडीची सक्ती करते आणि कायदा सैल कपड्यांच्या भीतीने यंत्रापासून दूर ठेवतो, अशा कात्रीत सापडलेली मुलगी यंत्र शिकणार कशी? चालत्या यंत्रावर हात बसल्याशिवाय बिघाडाचा आवाज ओळखता येत नाही, आणि तो ओळखता आल्याशिवाय फिटर आणि फोरमन अभियंत्याला मोजत नाहीत.

कपड्यांचा प्रश्न पुढे पॅंट-शर्ट आणि डांगरीने बराचसा सुटला, तरी मापांचा राहिला. सुरक्षा बूट, हातमोजे, उंचीवर चढताना घालायचा हार्नेस ही साधने मुख्यतः पुरुषी मापांवर बेतलेली असतात. मोजा कोंबून घातलेला मोठा बूट शिडीवर घसरतो. ढिल्या हातमोज्यात नटबोल्ट नीट धरता येत नाही. मग ‘बाईला जमत नाही’ हा शेरा मिळतो आणि बुटाची चूक बाईच्या नावावर लागते. हे अंतराळापर्यंत पोहोचले आहे. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी एकत्र करायचा पहिला अंतराळ-पदभ्रमणाचा बेत नासाला ऐनवेळी बदलावा लागला, कारण मध्यम मापाचा, वापरायला तयार असा अंतराळ-पोशाखाच्या धडाचा भाग अंतराळ स्थानकावर एकच होता. क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर यांनी तो पराक्रम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केला.

इंजिनाच्या केबिनमध्ये

स्वच्छतागृहाचा विषय चारचौघांत काढायला अवघड, म्हणून वर्षानुवर्षे कागदावर येत नाही. साइटवर काम करणाऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे त्या एकमेकींना सांगतात, प्रकल्प व्यवस्थापकाला नाही. पाणी न पिण्याचे परिणाम मूत्रमार्गाच्या संसर्गापासून मूतखड्यापर्यंत जातात. मासिक पाळीच्या दिवसांत तर रजा टाकणे हाच उपाय उरतो, आणि त्या रजांची बेरीज वार्षिक मूल्यमापनात दिसते.

रेल्वेच्या इंजिनातही तेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. भारतातील पहिली स्त्री रेल्वेचालक हा मान त्यांचा. २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ भारतीय रेल्वेच्या इंजिनांत स्वच्छतागृह नव्हते; अलीकडे काही इंजिनांत ते बसवले जाऊ लागले आहे. त्रास पुरुष चालकांनाही होतच होता. पण पुरुष रुळाच्या कडेला उतरून वेळ मारून नेतो, म्हणून ती गैरसोय सोसण्याजोगी मानली गेली आणि आराखडा तसाच राहिला. स्त्रिया केबिनमध्ये आल्यावर जी त्रुटी दिसू लागली, ती दुरुस्त झाल्यास सर्वांनाच सुख लागणार आहे.

‘तुझं अक्षर छान आहे’

मांडणी माणसांच्या सवयींतही असते. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये चौघांच्या गटात एक मुलगी असेल तर लेथवर मुलगे उभे राहतात आणि जर्नल तिच्याकडे येते. ‘तुझं अक्षर छान आहे, रिपोर्ट तूच लिही,’ हे कौतुकाने म्हटले जाते. म्हणूनच नाही म्हणणे जड जाते.

अमेरिकेतील कॅरल सेरॉन, सुझन सिल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीसह चार संस्थांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून नियमित रोजनिशी लिहून घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हेच चित्र आहे. गटात काम करताना आणि उन्हाळी उमेदवारीत मुलींच्या वाट्याला टिपणे, नियोजन, जुळवाजुळव आली. यंत्राशी झटापट मुलांकडे गेली. मुली हुशारीत किंवा आवडीत कमी नव्हत्या. आपल्याला इथे खरे काम मिळणार नाही, हा धडा त्यांनी त्या गटांत घेतला.

नोकरीत हीच रीत मोठी होते. बैठकीचे इतिवृत्त कोण लिहिणार, पाहुण्यांचा चहा कोण पाहणार, दिवाळीची रांगोळी आणि कौटुंबिक दिनाचे सूत्रसंचालन कोणाकडे, हे विचारावे लागत नाही. पुरवठादाराचा फोन येतो आणि बाईचा आवाज ऐकून तो ‘साहेबांना द्या’ म्हणतो. साहेब तीच असते. साइटवर ठेकेदार ड्रॉइंगवरची शंका तिच्या हाताखालच्या मुलाला विचारतो. मुलाखतीत लग्न कधी आणि नवऱ्याची बदली झाली तर काय, हे प्रश्न तिलाच येतात. यातली एकेक गोष्ट तक्रारीएवढी मोठी वाटत नाही आणि तक्रार केली तर ‘फारच मनाला लावून घेते’ असे होते. राजस्थानातील भँवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१३ मध्ये कायदा आला, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची झाली. छळासाठी ही दाद अत्यावश्यक आहे. पण चांगली कामे वाटताना जिचा विचारच झाला नाही, तिला या समितीपुढे मांडण्यासारखे काही नसते.

संध्याकाळी सातनंतर

कारखाने कायद्याच्या सहासष्टाव्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कामावर ठेवायला बंदी केली होती. हेतू संरक्षणाचा. परिणाम समजून घ्यायचा तर रात्रपाळी म्हणजे काय ते पाहावे लागेल. रात्री वरिष्ठ घरी असतात. कन्व्हेअर अडकला, प्रेसचा दाब उतरला, बॉयलरचा व्हॉल्व्ह बसला नाही, तर निर्णय पाळीवरच्या अभियंत्यालाच घ्यावा लागतो. याच रात्रींतून कामगारांचा विश्वास मिळतो. उत्पादन विभागाचा प्रमुख नेमताना तिन्ही पाळ्या सांभाळलेला माणूस शोधला जातो, त्यामुळे ज्या स्त्रीला रात्र दिलीच नाही ती या यादीत आपोआप मागे पडते.

मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवले. खाणींत याहून उशीर झाला. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाला पूर्ण मज्जाव केला होता. त्यामुळे खाण अभियांत्रिकीचे शिक्षणच मुलींना बंद असल्यासारखे होते. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना ठरावीक पदांवर भूमिगत कामाची मुभा दिली आणि २०२१ मध्ये झारखंडमधील चुरीच्या भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी खाण अभियंता म्हणून उतरल्या.

आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांना नेमता येईल, आणि रात्रीचे काम त्यांच्या संमतीने व सुरक्षेच्या अटी पाळून देता येईल, असे ती म्हणते. कारखाने कायद्यातल्या बाविसाव्या कलमाच्या तुलनेत ही मोठी झेप आहे. मात्र संमतीचा अर्थ कारखान्यात कसा लावला जातो याकडे लक्ष ठेवावे लागेल. वाहन, प्रकाश आणि विश्रांतीची खोली यांची सोय न करता ‘तिनेच नको म्हटले’ असे लिहून घेणे फार सोपे आहे.

मुली येतात, मग जातात कुठे?

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पदवीवर्गांत मुलींचे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास आहे. आयआयटींमध्ये २०१६ मध्ये ते जेमतेम ८ टक्के होते. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांचे लक्ष्य गाठायचे ठरले. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्येच मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले होते. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. प्रवेशाच्या बाजूने प्रयत्न होत आहेत आणि ते कामीही येत आहेत.

गळती पुढे आहे. अमेरिकेत नाद्या फुआद यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. जवळपास ४० टक्के स्त्रियांनी हे क्षेत्र सोडले होते किंवा त्यात पाऊलच ठेवले नव्हते. घर आणि मुले हे कारण त्यात होते, पण कामाच्या ठिकाणचे वातावरण, बढतीची बंद वाट आणि वरिष्ठांचे वागणे ही कारणेही तितक्याच ठळकपणे पुढे आली. ‘मुलींना शेवटी संसारच करायचा असतो’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर त्यामुळे अपुरे ठरते. तिने संसारासाठी नोकरी सोडली असे सगळे म्हणतात. तिला पाच वर्षे एकही यंत्र स्वतंत्रपणे सुरू करायला दिले नव्हते, हे कोणी विचारत नाही.

मांडणी बदलता येते याचा पुरावा पुण्यातच आहे. १९७४ मध्ये जिथे शॉप फ्लोअरवर एकही स्त्री अभियंता नव्हती, त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, हॅरिअर आणि सफारी गाड्यांची जुळणी करणारी संपूर्ण महिलांची लाइन उभी राहिली आहे. तिथे बहुतांश स्त्रिया कामगार म्हणून आहेत. त्यांतल्या किती जणी पुढे पर्यवेक्षक होतात, आणि लाइनची आखणी करणाऱ्या, तिच्यावर स्वाक्षरी करणाऱ्या अभियंत्यांत किती स्त्रिया असतात, हे यापुढे मोजले पाहिजे. इतर कारखान्यांनीही भरतीच्या आकड्याबरोबर चार साधे आकडे जाहीर करावेत : रात्रपाळीचे प्रमुखपद किती स्त्रियांना दिले, भांडारात लहान मापाचे सुरक्षा बूट किती जोड आहेत, कामाच्या जागेपासून स्त्रियांचे स्वच्छतागृह किती मीटरवर आहे, आणि बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर परतलेल्या किती जणींना त्यांचे आधीचेच काम मिळाले.

(पुढील आठवड्यात : पूल-अभियंता एस. बी. जोशी यांची कन्या आणि १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या शकुंतला भगत. त्यांच्या ‘क्वाड्रिकॉन’ पद्धतीचे सुटे पोलादी भाग हिमाचलच्या स्पितीत कसे पोहोचले आणि तिथे पूल कसा उभा राहिला, त्याची हकिकत.)