नळी मोठी हवी, आवाज नव्हे

‘तीन इंची टाकायची की चार इंची?’ जास्त ताकदीच्या गाड्यांची कामं करणाऱ्या गॅरेजमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. गाडी दोन टर्बोंची असते, इंजिनाची ताकद वाढवायची असते आणि त्यासाठी इंजिनातला धूर बाहेर नेणारी एक्झॉस्टची नळी बदलायची असते. उत्तरं मात्र बहुधा ऐकीव असतात. ‘जितकी मोठी तितकी चांगली,’ असं एक जण सांगतो. ‘थोडं बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप जातो,’ असं दुसरा. तिसरा काही सांगत बसत नाही. तो सायलेन्सर कापून टाकतो आणि ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकवतो. गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन जातं.

नळीचा व्यास ठरवण्याचं एक साधं गणित आहे. ते समजलं की आवाज आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही समजतं. आणि ते समजणं कानांसाठी व फुप्फुसांसाठी फार गरजेचं आहे.

चार हजार माणसांचा श्वास

उदाहरण म्हणून निसानची आर-३५ जीटी-आर घेऊ. २००७ मध्ये जपानमध्ये आलेली ही गाडी २०१६च्या अखेरीस भारतातही विक्रीला आली. ३.८ लिटरचं व्ही आकाराचं इंजिन, दोन्ही बाजूंना तीन-तीन सिलिंडर आणि प्रत्येक बाजूला एक टर्बो. त्या वेळच्या गाडीची कंपनीने दिलेली ताकद सुमारे ५७० अश्वशक्ती होती. ती ८०० पर्यंत नेणारे हौशी जगभर आहेत.

पेट्रोल इंजिनाला दर १०० अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण साडेचार किलो हवा लागते. म्हणजे ८०० अश्वशक्तीला ३६ किलो, म्हणजेच सुमारे ३० हजार लिटर. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. या हिशेबाने पूर्ण जोरात धावणारं हे इंजिन चार हजारांहून अधिक माणसांइतका श्वास घेतं. घेतलेला श्वास सोडावाही लागतो. टर्बोतून बाहेर पडणारा वायू ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. उष्णतेने तो फुगतो आणि आत आलेल्या हवेच्या जवळजवळ साडेतीनपट जागा मागतो.

हा सगळा वायू तीन इंची (७६ मिलिमीटर) एकाच नळीतून जायचा तर त्याला सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने धावावं लागेल. चार इंची (१०२ मिलिमीटर) नळीत हाच वेग २२० मीटरवर येतो. तीन इंची दोन स्वतंत्र नळ्या टाकल्या तर २०० मीटरवर. वेग जितका जास्त, तितकं नळीच्या भिंतीशी घर्षण जास्त आणि तितका मागे साचणारा दाब जास्त. हाच तो बॅकप्रेशर.

बाळाचा घसा आणि गाडीची नळी

नळी थोडीशी अरुंद झाली तर अडथळा थोडासाच वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. बालरोग विभागात शिकवलं जाणारं एक जुनं उदाहरण आहे. तान्ह्या बाळाच्या श्वासमार्गाचा व्यास अवघा चार मिलिमीटर धरा. सर्दी-क्रूपमध्ये आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली की व्यास दोनच मिलिमीटर उरतो. शांत श्वासात हवा सरळ थरांत वाहते, तेव्हा अडथळा १६ पट होतो. बाळ रडायला लागलं की हवेचा प्रवाह खळबळतो आणि अडथळा ३२ पट होतो. म्हणूनच अशा बाळाला रडवू नका, आईच्या मांडीवरच राहू द्या, असं डॉक्टर सांगतात.

एक्झॉस्टच्या नळीत प्रवाह कायम खळबळलेलाच असतो. त्यामुळे तिथे दुसरा, कडक नियम लागू पडतो. वायू तेवढाच असेल तर दाबातली घट व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. समजा, तीन इंची नळीत ती २० एकक आहे. चार इंचीत ती पाचच्या खाली येईल. पाच इंची टाकली तर दीडवर. पहिल्या इंचाने १५ एकक वाचले, दुसऱ्याने जेमतेम तीन. वर वजन वाढलं, गाडीखालची जागा गेली आणि प्रत्येक गतिरोधकावर नळी घासायची सोय झाली.

यातून एक ढोबळ माप निघतं. एकेरी नळी असेल तर ४०० ते ४५० अश्वशक्तीपर्यंत तीन इंची पुरते, ५५० ते ६०० पर्यंत साडेतीन इंची आणि ७०० ते ८०० पर्यंत चार इंची. दोन स्वतंत्र नळ्या असतील तर प्रत्येकीवर निम्मा भार. अडीच इंची दोन नळ्यांचं क्षेत्रफळ साडेतीन इंची एका नळीइतकंच भरतं, पण दोन नळ्यांची भिंत जास्त, म्हणून घर्षणही थोडं जास्त. हा हिशेब आकांक्षेच्या नव्हे, खऱ्या ताकदीच्या आकड्यावर करायचा. ५०० अश्वशक्तीच्या गाडीला चार इंची नळी लावल्याने ती ८००ची होत नाही.

‘बॅकप्रेशर लागतंच’ हे खरं का?

या समजाचं मूळ टर्बो नसलेल्या इंजिनात आहे. तिथे सिलिंडरमधून सुटणारा वायूचा प्रत्येक झोत आपल्यामागे पोकळी सोडतो आणि पुढचा वायू ओढून घेतो. नळी फार रुंद केली की झोत मंदावतो, ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवर गाडी मरगळते. तिथेही उपयोग वेगाचा असतो, दाबाचा नाही. टर्बोच्या इंजिनात या झोतांचं काम टर्बोचं पातं फिरवताना संपतं. त्यानंतरच्या नळीत साचलेला दाब निव्वळ तोटा असतो. पात्याच्या आधी दाब जास्त आणि नंतर कमी, या फरकावरच टर्बो फिरतो.

म्हणून सगळ्यात मोकळी हवी ती टर्बोला लागून असलेली पहिली नळी, म्हणजे डाउनपाइप. तिथे वायू सर्वांत गरम आणि फुगलेला असतो. मागे जाता जाता तो थंड होतो, आकसतो, त्यामुळे शेवटचा भाग थोडा कमी रुंद असला तरी चालतो. वळणं गोल हवीत. दाबून वाकवलेल्या नळीचा घेर वळणावर चपटा होतो आणि मोठी नळी घेतल्याचा फायदा तिथेच जातो. आणखी एक सावधगिरी म्हणजे वाट मोकळी झाली की टर्बो अधिक जोरात फिरतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब चढला आणि त्या प्रमाणात पेट्रोल मिळालं नाही तर पिस्टन वितळू शकतो. नळी बदलल्यावर इंजिनाच्या संगणकाची जुळणी नव्याने करावीच लागते.

आवाज ही ताकदीची पावती नाही

या सगळ्या हिशेबात आवाजाचा उल्लेख कुठेच आलेला नाही, कारण त्याची गरज नाही. छिद्रं असलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती आवाज शोषणारं तंतूंचं वेष्टन, अशा रचनेचा सायलेन्सर वायूला फारसा अडवत नाही, आवाज मात्र बराच गिळतो. सायलेन्सर कापून मिळते ती बहुतेक गर्जनाच.

तिची किंमत कान मोजतात. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा निकष ८५ डेसिबलला आठ तासांचा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी कानात शिट्टी वाजत राहते. मग ‘साल’ आणि ‘चाल’ यांतला फरक गर्दीत कळेनासा होतो. लोक पुटपुटतात असं वाटायला लागतं. दिवसभर अशा गाड्यांच्या मागे उभा राहणारा विशीतला मेकॅनिक या वाटेवर मालकाच्या कितीतरी आधी पोहोचतो, कारण मालक रविवारी गाडी काढतो आणि हा रोज सहा गाड्या पिळतो.

ऑक्सिमीटर ९८ दाखवतो तेव्हा

दुसरा धोका ऐकू येत नाही. पूर्ण जोरात टर्बो इंजिनाला मुद्दाम जास्त पेट्रोल दिलं जातं, म्हणजे ते आतून थंड राहतं. हे जास्तीचं पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण काही टक्क्यांवर जातं. एरवी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वायू निकामी करतो. ‘वाट अडवतो’ म्हणून तोच काढला तर साध्या चालीतलं विषही थेट बाहेर पडतं. पूर्ण जोरात, ऑक्सिजनच उरत नसल्याने, कन्व्हर्टर असूनही तो हतबल असतो. त्यामुळे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजण्याच्या बंद खोलीत धूर ओढून बाहेर फेकणारी सोय हवीच हवी.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. ॲसिडिटी किंवा उन्हाचा त्रास समजून गोळी घेतली जाते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ दाखवतो, कारण या विषाने भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. खरं कळतं ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून. अशा माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावं आणि तो कुठे काम करत होता हे डॉक्टरांना न विसरता सांगावं. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. नव्या नळीचा जोड गळका राहिला तर हाच वायू चालत्या गाडीत शिरू शकतो.

कायद्यानेही आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय परवाना तीन महिने हातचा जातो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे.

तेव्हा गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न पाच. मोजलेली ताकद किती? त्या ताकदीला किती व्यास पुरतो? कन्व्हर्टर जास्त प्रवाहाचा बसवणार की काढून टाकणार? सायलेन्सर कुठला? आणि काम करणाऱ्या पोराच्या कानावर संरक्षक आहे का? शेवटच्या प्रश्नावर गॅरेजवाला हसला, तर पहिल्या चारांची उत्तरं त्याच्याकडून घेण्यात फारसा अर्थ नाही.