ट्युलिप रुसला, तर मे फ्लॉवर आहे ना!

मार्च संपत आला की इन्स्टावर श्रीनगर सुरू होतं. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी रंगांचे लांबच लांब पट्टे आणि समोर हात पसरून उभं असलेलं कुणीतरी. २००७ मध्ये खुली झालेली ही ट्युलिप बाग सुमारे ३० हेक्टरवर पसरली आहे आणि तिथले कांदे १५ लाखांच्या वर आहेत. आईबाबांच्या पिढीला हे वेड १९८१ च्या 'सिलसिला'ने लावलं, आपल्याला रील्सनी. मग पुढची पायरी ठरलेलीच असते. 'ट्युलिप सीड्स, १०० नग' अशी ऑनलाइन ऑर्डर आणि पत्ता पेण नाहीतर रोहा.

भावांनो आणि बहिणींनो, पॉकेटमनी वाचवा. बियांपासून ट्युलिपला पहिलं फूल यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात, तेही थंड प्रदेशात. तोवर डिग्री होऊन नोकरीही लागलेली असेल. फोटोत निळाशार ट्युलिप दिसला तर तिथूनच मागे फिरा, कारण खराखुरा निळा ट्युलिप अस्तित्वातच नाही.

आता कांद्याचं बघू. ट्युलिपचा कांदा म्हणजे आत फूल दुमडून ठेवलेली डबी. उन्हाळ्यातच आत कळी तयार होते, पण तिचा दांडा वर यायला बारा ते सोळा आठवडे थंडी लागते, साधारण २ ते ९ अंशांची. ती मिळाली नाही तर फूल पानातच अडकतं किंवा आतल्या आत सुकतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा क्वचितच १० च्या खाली जातो आणि दुपारी परत तिशीकडे धावतो. झाडाने करायचं काय?

जुगाड आहे, आणि तो दिल्लीतही चालतो. तिथली नगरपालिका परिषद नेदरलँड्समधून आधीच थंड केलेले कांदे मागवते, डिसेंबरात लावते आणि फेब्रुवारीत रस्त्याकडेला फुलं दिसतात. घरी करायचं तर कांदे कागदी पिशवीत घालून तीन महिने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचे. फक्त शेजारी सफरचंद, केळं नको. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. पण हिशोब करा. सहा फूट बाय चार फुटांचा वाफा गच्च भरायला शंभरएक कांदे लागतात. एवढा कप्पा आई तीन महिने देईल? दिलाच, तरी पाच-सात दिवसांच्या फुलांनंतर कोकणातल्या उकाड्यात तो कांदा पुढच्या वर्षासाठी संपल्यातच जमा. चार कुंड्यांची हौस म्हणून ठीक, पण पूर्ण वाफा म्हणजे पैसे मातीत.

खरं तर कांद्यातून एकदम उसळणारी फुलं आपल्याकडेही आहेत, फक्त त्यांचं घड्याळ थंडीवर नाही, पावसावर लागलेलं आहे. आपण त्यांना भाव देत नाही, एवढंच.

पहिली पावसाळी लिली. गुलाबी, पांढरी, पिवळी. मूळची अमेरिकेकडची, पण आता कोकणातल्या अंगणाअंगणात कडेला गवतासारखी उभी असते. कोरड्या दिवसांनंतर जमीन एकदम भिजली की चार-पाच दिवसांत सगळ्या कळ्या एकदम वर येतात. म्हणूनच तिचा मास शो करता येतो. एप्रिलपासून वाफ्याचं पाणी तोडा, पानं मलूल झाली तरी हलू नका. मग मे महिन्यात एकदा भरपूर पाणी सोडा, किंवा वळवाच्या सरीची वाट बघा. कांदे चार बोटं अंतरावर, दोन इंच खोल. फूल टिकतं एक-दोन दिवस, पण प्रत्येक मोठ्या सरीनंतर नवी बॅच येते आणि कांदे स्वतःच वाढत जातात. पन्नासने सुरुवात करा, दोन-तीन वर्षांत वाफा भरेल.

दुसरी हिरोईन मे फ्लॉवर, म्हणजेच फुटबॉल लिली. ही आफ्रिकेची. वर्षातले कित्येक महिने जमिनीत गुडूप. मे उजाडला की आधी नुसता दांडा आणि त्यावर लालभडक गोळा, ज्यात शे-दोनशे छोटी फुलं असतात. पानं मागाहून. आंब्याच्या सावलीतही ती खूश असते. नुसत्या दहा-बारा गोळ्यांची रांग बघाल तर श्रीनगर विसराल, असं माझं प्रामाणिक मत आहे. एकच अट, जागा बदलली तर ती एखादं वर्ष फुलत नाही. रुसवा काढायला खत ओतू नका, थांबा. आणि फूल गेल्यावर पानं कापू नका. पुढच्या वर्षीच्या फुलाचं जेवण ती पानंच शिजवतात.

आपल्या भागात कांद्याचा शत्रू ऊन नाही, साचलेलं पाणी. रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पेणच्या खारपाटातली माती चिकट. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारखं मिसळा. दोन्ही लिलींचे कांदे विषारी असतात, त्यामुळे शेळी, कुत्र्याचं पिल्लू आणि लहान भावंडं यांच्यापासून लांब. दिसायला कांदाच, म्हणून स्वयंपाकघराच्या टोपलीशेजारी तर मुळीच नको.

विकत घ्यायची गरज बहुतेक पडत नाही. हे कांदे एका आजीकडून दुसरीकडे, पदरात बांधून फिरत आले आहेत. रोह्याशी घट्ट नातं असलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवून आले होते. आपल्याला मात्र शेजारच्या परसात काय उगवतं याचा पत्ता नसतो.

आणि घाई आहे. पेण काय नि रोहा काय, जुनं घर पाडून बिल्डिंग उभी राहते, नाहीतर अंगणभर पेव्हर ब्लॉक बसतात. चिखल नको, गाडी लावायची, कारणं खरीच आहेत. पण मे फ्लॉवर या दिवसांत वर काहीच दाखवत नाही, त्यामुळे तिच्यावर सिमेंट पडतंय हे कुणाला कळतही नाही. तुमच्या गल्लीत असं काम निघणार असेल, तर या रविवारी कुदळ घेऊन जा. घरातल्या आजींना विचारा लाल गोळा कुठे यायचा, तिथे वीतभर खोल खणा आणि मुळं न तोडता कांदे मातीसकट गोणपाटात घ्या. पहिली सर यायच्या आत ते नव्या जागी गेलेले हवेत.