त्याच चुलीचा दगड

सकाळी आठला मॉरिशसमधल्या ग्रां बेच्या हॉटेलसमोर गाडी येऊन थांबली. आम्ही चौघं होतो: मी, आमचे हे, धाकटी बहीण आणि तिचे यजमान. चालक आणि वाटाड्या एकच, चाळिशीतला. आमचं बोलणं कानावर पडताच त्यानं आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाला, “मो मराठी.” क्रिओल भाषेत याचा अर्थ, मी मराठी. त्यापुढचं मराठी मात्र त्याच्याकडे फारसं नव्हतं. गणपतीची आरती तेवढी मुखोद्गत, बाकी सगळं बोलणं हिंदीत. मला तो दिवसभर मावशी म्हणत राहिला.

सहलीच्या कागदावर मॉरिशसचा नैर्ऋत्य कोपरा होता: ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हरची दरी, शामारेलचा धबधबा आणि समुद्रात पाय टाकून बसलेला ल मोर्नचा कडा. एका दिवसात एवढं सगळं, आणि प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटांचा आकडा. मी तीस वर्षं रत्नागिरीत भूगोल शिकवला. डोंगर दिसला की थर मोजायचे आणि दगड दिसला की वाकून हातात घ्यायचा, ही सवय काही सुटत नाही. ती मिनिटं मला पुरणार नव्हती हे घरून निघतानाच ठाऊक होतं.

पोर्ट लुई जवळ आलं तसे डाव्या हाताला डोंगर उभे राहिले. पिटर बोथ, ८२० मीटर, डोक्यावर एक भलामोठा धोंडा तोलून धरलेला. त्याच्या पुढे ल पूस, म्हणजे अंगठा. बहीण म्हणाली, “अगं, हे तर माहुलीचे सुळके!” तिला ते गमतीनं सुचलं असेल, पण ती बरोबर बोलली होती. हे डोंगर सह्याद्रीचे नात्यातलेच आहेत.

भूशास्त्रात आज सर्वसाधारणपणे मानलं जातं ते असं. हिंदी महासागराच्या तळाखाली खोलवर एक तप्त स्थान आहे. त्याला भट्टी म्हणू. ही भट्टी जवळपास जागच्या जागी राहते, वरून पृथ्वीचं कवच सरकत जातं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड तिच्यावर होता. तेव्हा लाव्हाचे पूर आले, थरावर थर साठले आणि आपलं दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी, रायगडाच्या पायऱ्या, सगळं त्याच बेसॉल्टमधलं. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे माग उमटत राहिला, लक्षद्वीप आणि मालदीवच्या तळाशी असलेली समुद्रातली डोंगररांग. ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी त्याच भट्टीवर मॉरिशस वर आलं. आज ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ अजूनही पेटतो. फळ्यावर हा नकाशा मी कितीतरी वेळा काढला असेन. पण त्या रेषेचं दुसरं टोक गाडीच्या काचेतून दिसलं तेव्हा घसा दाटून आला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मॉरिशसचे डोंगर एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या काठाचे तुकडे आहेत. मधला भाग खचला, काठ झिजला, जे टिकलं ते बेटाभोवती वाटोळं उभं आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. पण पायथ्याशी समुद्र असल्यामुळे प्रत्येक मीटर डोळ्यांत भरतो.

मधल्या पठारावरच्या क्युरपीपला पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. किनाऱ्यावर लख्ख ऊन होतं आणि इथे स्वेटर शोधायची वेळ आली. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात आणि सगळं पाणी तिथेच टाकतात. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर डोंगरापलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावर १००० सुद्धा नाही. घाटमाथा आणि पर्जन्यछाया हा धडा महाबळेश्वर आणि वाईवरून शिकवायचा, तसाच तो इथेही शिकवता येईल, फक्त दिशा उलटी. त्रू ओ सेर्फचं विवर सुमारे ८५ मीटर खोल. आत आता दाट झाडी आणि तळाशी पाणथळ. जुना ज्वालामुखी निवल्यावर फार मागाहून झालेल्या उद्रेकांपैकी हे एक. धुक्यात फार काही दिसलं नाही.

रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जात होता. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही घराएवढे उंच, बाजू नीट रचलेल्या. मी गाडी थांबवायला सांगितली. कागदावर हा थांबा नव्हता, पण वाटाड्याला बरं वाटलं असावं. म्हणाला, “मावशी, लोक इथे कधी उतरत नाहीत.” जवळ जाऊन पाहिलं. खालचे दगड दोघांनाही उचलणार नाहीत असे, वरचे नारळाएवढे. फटींतून नेचे उगवलेले. बेटाची जमीन अशीच दगडांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे, आणि ते वेचले हातांनी.

ते हात कुणाचे? १८३५ साली इथली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ला, ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कराराचे भारतीय मजूर उतरले होते. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ. ‘मिरिच देशात दगड उलटला की खाली सोनं सापडतं’, अशी थाप मारून माणसं आणली, असं इथे घरोघरी सांगतात. त्या ढिगापाशी उभं राहून ही गोष्ट ऐकणं फार जड गेलं.

दगडांचं काम करणारे भारतीय हात त्याहूनही आधी इथे आले होते. १८१५ पासून इंग्रजांनी बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले कैदी काळ्या पाण्याच्या शिक्षेवर या बेटावर धाडले. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी त्यांचा शोध घेतला आहे. सुमारे दीड हजार माणसं होती ती. रस्ते बांधणं हे त्यांचं मुख्य काम. १८३६ साली चार्ल्स डार्विन बीगल जहाजातून इथे आला, ल पूस चढला, आणि रस्त्यांवर राबणारे हे भारतीय कैदी पाहून त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांबद्दल त्यानं आदरानं लिहून ठेवलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत अंदमान ठळक आहे, मॉरिशसचे कैदी नाहीत. ते यायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

गंगा तलावावर चाळीस मिनिटं होती. १८९७ साली त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात हे तळं गंगेशी जोडलेलं दिसलं, आणि पुढच्या वर्षी लोक पायी इथे आले. आज महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावडी खांद्यावर घेऊन लोक रात्रंदिवस चालतात. १९७२ साली गंगेचं पाणी आणून या तळ्यात मिसळलं. काठावर १०८ फुटी शंकर. पण मला त्या मूर्तीपेक्षा पाण्याच्या काठाचे काळे दगड जास्त आवडले, हळदीकुंकवानं माखलेले.

ब्लॅक रिव्हरच्या दरीच्या कठड्यावर वाऱ्यानं उभं राहू दिलं नाही. खाली सगळं हिरवं. वाटाड्या म्हणाला, यातलं बरंचसं बाहेरचं आहे, चिनी पेरूनं रान गिळलंय. मूळचं चांगलं जंगल बेटावर दोन टक्केही उरलेलं नाही. डच आले, एबनीची झाडं तोडून नेली, त्यांच्याच काळात डोडो संपला. १९९४ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. मॉरिशसचा खरूची, छोटा शिकारी पक्षी, १९७४ साली रानात फक्त चार उरला होता. वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी घरट्यांतली अंडी काढून कृत्रिम उबेत फोडली, पिल्लं वाढवली, पुन्हा रानात सोडली. आज ते पक्षी शेकड्यांत आहेत. आम्हाला एकही दिसला नाही. वाटाड्यानं मात्र दुर्बिणीतून दरीचा प्रत्येक कोपरा धुंडाळला, आणि न दिसल्याबद्दल त्यालाच वाईट वाटलं.

शामारेलला मी खरी रमले. लोक सप्तरंगी माती बघायला येतात. तांबड्या, विटकरी, जांभळ्या, पिवळसर लाटा, त्यांच्यावर गवताची काडी नाही. बेसॉल्टवर उष्ण हवेत हजारो वर्षं पाऊस पडला की त्यातली सिलिका विरघळून जाते, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहतात. लोहानं तांबडा आणि करडा, अ‍ॅल्युमिनियमनं निळसर जांभळा. आमच्या रत्नागिरीचा जांभा असाच बनला. आपल्याकडे तो घट्ट होऊन चिऱ्याचा दगड झाला, त्याची घरं उभी राहिली. इथे तो भुसभुशीत मातीच राहिला. बहिणीनं फोटो काढायला हाक मारली तेव्हा मी कठड्यावर वाकून तिला सांगत होते की बघ, ही आपल्या अंगणातली माती आहे. धबधबा तिथून जवळच, जवळजवळ शंभर मीटर सरळ खाली. कड्यात लाव्हाचे थर आंबोलीच्या घाटात दिसतात तसे स्पष्ट दिसत होते.

जेवण रस्त्याकडेला झालं, वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेल्या पातळ दालपुऱ्या, वर पावट्याची भाजी आणि मिरचीची चटणी. पोळीवाल्या बाईनं कागदात गुंडाळून हातात दिल्या. चव पुरणपोळीची नव्हे, पण लाटायची हातोटी तीच.

ल मोर्न ५५६ मीटर. तिन्ही बाजूंनी पाणी, बाजू सरळ तुटलेल्या. मोझांबिक, मादागास्कर आणि हिंदुस्थानातूनही आणलेले गुलाम मालकांच्या तावडीतून सुटून या डोंगराच्या कपारींत राहिले. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे गेली, ते पकडायलाच आले असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कागदोपत्री पुरावा नसला तरी डोंगरात वस्ती होती याच्या खुणा सापडल्या आहेत. २००८ साली युनेस्कोनं ल मोर्नला जागतिक वारशात घेतलं. पायथ्याशी स्मारकात दगडी शिल्पं आहेत. समुद्र इतका निळा होता की पाहवेना. आमच्यापैकी कुणी बोललं नाही. वाटाड्यानंही गाडीतली गाणी बंद ठेवली.

परतीच्या वाटेवर तामारेंची मिठागरं मागे पडली आणि कास्कावेलची पाटी दिसली. बेटावरच्या मराठी माणसांचं हे जुनं गाव. सहलीच्या कागदावर ते नव्हतं. वाटाड्यानं विचारलं, “मावशी, दहा मिनिटं? माझी आई इथे राहते.”

आई सत्तरीच्या. मराठी त्यांनाही येत नव्हतं, मुलगा मधे बोलत होता. त्यांचं आडनाव म्हणजे पहिल्या आलेल्या पूर्वजाचं पाळण्यातलं नाव. उतरताना नोंदवहीत लिहिलं ते पुढे सगळ्या घराण्याला चिकटलं, इथे बहुतेकांचं असंच झालं. गाव कुठलं ते कुणाला ठाऊक नाही. गणपतीला बेटावर सार्वजनिक सुट्टी असते, जाखडीचा नाच होतो, एवढं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

मागच्या अंगणात आंब्याखाली एक पाटा होता. बेटाच्याच काळ्या दगडाचा, मधोमध घासून खोल झालेला. वर हळद आणि लसणीचा ओला लगदा. क्रिओलमध्ये त्याला रोस कारी म्हणतात, कालवणाचा दगड. मी वरवंट्याकडे बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता? आई हसून म्हणाल्या, “बाबा.” म्हणजे तान्हं बाळ.

आमच्याकडे बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात. त्याला कुंची घालतात, नाव घेतात, आणि पाळण्याच्या खालून-वरून दोघी एकमेकींना देतात. मी मुलाला हे सांगायला लागले, पण हिंदीत सगळे शब्द सापडेनात. शेवटी वाकून वरवंटा उचलला. जड होता, दिवसभराच्या उन्हानं कोमट. दोन्ही हातांवर आडवा घेतला.

आईंनी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले.